राजे धरून सात

"सातच तं होते आपले," नयन म्हणाली, आणि सांभाराची, कोथिंबिरीची, जुडी काजलच्या पिशवीत वांग्यांवर आडवी ठेवली.

तिने हे अगदी सहज म्हटलं, वांगी कोवळी आहेत म्हणावं तितक्या सहज. काजल गेली तीन वर्षं दर आठवडी बाजाराला नयनकडूनच भाजी घेत होती. दोघी अल्लीपूरच्या, एका शाळेतल्या, एका बाकावरच्या. पुढे नयन लग्न होऊन सेलूकडे गेली आणि शेतातली भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात बसू लागली. काजल नागपूरला शिकली आणि वर्ध्यातल्याच एका कॉलेजात संगणक विभागात लागली. या तीन वर्षांत दोघींचं माहेर, गुडघे, नवरे, न झालेला नवरा, नयनच्या लेकीची, खुशीची, शाळा, सगळं बोलून झालं होतं. फक्त त्या एका डावाचा विषय कधी निघाला नव्हता, आणि तो निघत नाही याची दोघींनाही इतकी सवय झाली होती की तो मुद्दाम टाळला जातो आहे हे काजलच्या लक्षातही येईनासं झालं होतं. आज तो तिच्याच तोंडून निघाला. सोमवारी पोरांपुढे बोलायचंय, असं ती म्हणाली. काय सांगतं पोरांले, असं नयनने विचारलं. तर काजल म्हणाली, बुद्धिबळाचंच. शेवटी पटावर सात मोहरे उरले की पुढे कोण जिंकते, कोण हारते, हे सगळं कम्प्युटरात आधीच काढून ठेवलेलं असते. त्यावर नयन ते वाक्य बोलली.

"सात अधिक राजे," काजल म्हणाली. "म्हणजे नऊ."

"राजे धरून सात. मी राजे सोडत नाई." एवढं बोलून नयन मेथी मागणाऱ्या बाईकडे वळली.

काजल पिशवी स्कूटरला अडकवून पिपरी मेघेकडे निघाली खरी, पण घराची गल्ली मागे पडली तरी तिला कळलं नाही. पुढच्या किराणा दुकानापाशी ती थांबली, पाय टेकले आणि तशीच बसून राहिली. एवढ्याशा आकड्याने माणसाला असं व्हावं हे हसण्यासारखंच आहे, आणि काजल आकड्यांना भिणारी बाई नव्हती. आकडे हाच तिचा धंदा. पण हा आकडा वेगळा होता. बाबांनी, म्हणजे गुलाब सरांनी, अल्लीपूरच्या शाळेत, आणि शाळा सुटल्यावर घरी, दोघींना बुद्धिबळ शिकवलं तेव्हा पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की मोहरे मोजताना राजा मोजायचा नाही. राजा मरत नाही, पटावरून उठत नाही, मग त्याला मोजायचा कशाला? पाच म्हणजे पाच अधिक दोन राजे, हे न सांगता समजून घ्यायचं. गावातल्या सगळ्या पोरांनी हा हिशोब निमूट घेतला. एकटी नयन हट्टाला पेटली. काऊन नाई मोजाचा, तो बी तं पटावर बसला हाय, असं म्हणून ती शेवटपर्यंत राजे धरूनच मोजत राहिली. आणि बाबा मात्र गेली बावीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला तो डाव सांगताना म्हणत आले होते, सात राहिले होते पटावर, सात, आणि माझ्या पोरीनं काढला. काजलने त्या सातात मनातल्या मनात कायम दोन मिळवले होते. बाबांचा आकडा, तेव्हा बाबांचीच रीत. नऊ.

आता या नऊची गोष्ट सांगायला हवी, कारण काजल त्या नऊच्या आधाराने किती वर्षं जगत होती हे त्याशिवाय कळणार नाही. डावाच्या अखेरीला थोडे मोहरे उरतात. त्यांच्या जितक्या म्हणून मांडण्या शक्य आहेत तितक्या सगळ्या घ्यायच्या, प्रत्येकीचा निकाल काढायचा, जीत, हार की बरोबरी, आणि तो साठवून ठेवायचा. जगात काही चिकट माणसांनी हे काम केलं आहे. काजलला त्यातल्या बुद्धिबळापेक्षा जागेची ओढ होती. किती जागा लागते? राजे आणि प्यादीसुद्धा धरून पाच मोहरे उरले असतील तर सगळं एका जीबीत बसतं, म्हणजे फोनच्या कोपऱ्यात. सहा केले की दीडशे जीबी. सात केले की अठरा टीबी, म्हणजे अठरा हजार जीबी, चार-चार टीबीच्या पाच डिस्का. एक मोहरा वाढला की शंभरपट, कधी थोडी जास्त, कधी थोडी कमी. नव्या मोहऱ्याला बसायला साठेक घरं मिळतात, आणि तो कोण, हत्ती की उंट की प्यादं, कोणाच्या बाजूचा, याने ती साठ पुन्हा फुगतात. पट आरशात उलटा केला तरी तोच, म्हणून थोडी कापली जातात. या हिशोबाने आठचे दोन हजार टीबी. ते अजून पुरतं कोणी केलेलं नाही, पण केलं तर पाचशे डिस्का, एक लोखंडी कपाट भरेल. आणि नऊचे दोन लाख टीबी. शंभर कपाटं. कॉलेजच्या नव्या इमारतीचा अख्खा खालचा मजला कपाटांनी भरला तरी दोन-चार व्हरांड्यात ठेवावी लागतील. काजलने हा अंदाज दहा वर्षांत कितीदा तरी केला होता. कधी दाबून साठवण्याची रीत बदलून, कधी निरुपयोगी मांडण्या गाळून. गाळता गाळता कपाटं साठ झाली, चाळीस झाली, एकदा तर बावीसवर आली, आणि त्या दिवशी तिला आनंद व्हायला हवा होता तर चक्क धास्ती वाटली, आणि कुठेतरी चूक असणार म्हणून ती पुन्हा शंभरावर गेली. लोक देवळात जातात, काही जण दुपारी मालिका बघतात. काजल शंभर कपाटांपाशी जाऊन यायची. तिथे तिला बरं वाटायचं. तो डाव खरा कसा होता हे कळायला शंभर कपाटं लागतात, तेव्हा ते कळणार नाही, आपल्या आयुष्यात तरी नाही, आणि कळत नाही यात कोणाचा दोष नाही.

सात असेल तर एकही कपाट लागत नाही. ते काम होऊन नेटवर पडलेलं आहे, सात मोहरे मांडले की फोन क्षणात सांगतो.

घरी आली तेव्हा बाबा ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून ते प्रत्येक दाणा उन्हात धरून बघतात. "उशीर केला," ते म्हणाले. "गर्दी होती," काजल म्हणाली, आणि आत जाऊन वांगी काढून ठेवताना तिच्या लक्षात आलं की बाजारात आज गर्दी अजिबात नव्हती. त्यांना विचारावं की नाही? विचारलं आणि ते सात अधिक राजे म्हणाले तर पुन्हा नऊ. पण मग नयन खोटं बोलली का? नयन खोटं बोलत नाही. वांग्यात कीड असली तर ती स्वतःच काढून फेकते. काजलने विचारलं नाही. चार दिवस विचारलं नाही. या चार दिवसांत हिंगणघाटच्या त्या शाळेचा हॉल मात्र तिच्याकडे जेवताना, आंघोळ करताना, कॉलेजात हजेरी घेताना येत राहिला. सतरा वर्षांखालच्या मुलींची जिल्ह्याची स्पर्धा, शेवटची फेरी. राज्याला एकच मुलगी जायची. नयन अर्ध्या गुणाने पुढे होती, तिला बरोबरी पुरेशी होती. काजलला जिंकायलाच हवं होतं. बाकी सगळे पट उठले होते. हॉलमध्ये बांबूच्या तट्ट्यांचा वास येत होता आणि कोणाच्या तरी डब्यातल्या लोणच्याचा. पंचांनी खिडकीपाशी चहा पिता पिता विचारलं, किती राह्यले हो पोरींनो, आणि कोणीतरी काहीतरी उत्तर दिलं. मग बाबांचा आवाज आला. बाबांच्या वर्गात हरलेल्याने तोंडाने हरलो म्हणायचं नसे, हात पुढे करायचा. त्याला ते हात देणं म्हणत. तर बाबा म्हणाले, "नयन, हात दे आता." असं बोलायची मुभा नसते, पण सरांना सगळे मानायचे, पंचांनी दुसरीकडे बघितलं. नयनने काजलकडे पाहिलं नाही, सरांकडे पाहिलं, आणि हात पुढे केला. तिचा तळवा घामेजलेला होता.

त्या हातामागून सगळं आलं. काजलची निवड, निवडीवरून नागपूरच्या वसतिगृहात जागा, जागेवरून शिक्षण, शिक्षणावरून ही नोकरी, हे पिपरी मेघेतलं घर, ओसरीवर उन्हात बसलेले बाबा. नयनचं त्या वर्षी दहावीनंतर घरच्यांनी पुढे नाव घातलं नाही, आणि दोन वर्षांत लग्न झालं. हे सगळं तसंही झालं असतं, असं काजल स्वतःला सांगायची. पण तिला स्वतःचाच एका गोष्टीचा मोठा अचंबा वाटायचा. तिला चौदाव्या वर्षी खेळलेले डाव अजून पाठ होते, तालुक्याच्या स्पर्धेत कोणत्या मुलीने कोणता उंट कुठे फुकट घालवला ते ती सांगायची. आणि तोच एक डाव आठवत नव्हता. हत्ती होते, एवढं नक्की. आपलं एक प्यादं उजवीकडे खूप पुढे गेलेलं. त्यापलीकडे पट रिकामा, जणू कोणी ओल्या फडक्याने पुसून काढला. जिंकलेला डाव माणूस विसरतो का? हरलेले विसरावेसे वाटतात, जिंकलेले तर लोक नातवंडांना सांगतात. या प्रश्नापाशी आली की काजल उठून काहीतरी काम काढायची.

सोमवारी तिने साठ पोरांपुढे फळ्यावर आकडे लिहिले, पाच, सहा, सात, आठ, नऊ, आणि त्यांच्यापुढे जागा. नऊपुढे दोन लाख टीबी लिहिताना खडू मोडला. कपाटांचा हिशोब सांगितला तेव्हा पोरं खुश झाली. मग मागून वैभव नावाच्या मुलाने हात वर केला. हा मुलगा परीक्षेत पंचेचाळीसच्या वर जात नाही, पण प्रश्न नेमका काढतो. "मॅडम, सगळं साठवायचं कशाला? आपल्याला एकच डाव बघायचा असेल तर?"

"तर त्या डावातून जे जे निघू शकतं तेवढंच काढावं लागतं," काजल म्हणाली. "ते बरंच कमी भरतं. आणि सातपर्यंतचा डाव असेल तर काहीच करावं लागत नाही. फोनवर मांडायचा. एक सेकंद लागतो."

"मग सोपंच आहे," वैभव म्हणाला.

"सोपंच आहे," काजल म्हणाली, आणि साठ पोरांपुढे तिला स्वतःची लाज वाटली. दहा वर्षं हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता असं नाही. विचारला होता, आणि दर वेळी पुन्हा पूर्ण शंभर कपाटांचा हिशोब काढायला बसली होती. माणसाला पळायचं असलं की तो लांबचा रस्ता आधी धरतो, आणि काजलने तर रस्त्यालाच गणित लावून दिलं होतं.

त्या दुपारी घरी येऊन तिने चप्पलही काढली नाही. बाबा ओसरीवरच होते. "बाबा, त्या डावात राजे धरून सात होते का राजे सोडून?"

कोणत्या डावात, असं त्यांनी विचारलं नाही. हातातली शेंग सोलून झाली तरी ते तिच्याकडे बघत राहिले. "तो आकडा माया नाई," ते म्हणाले. "पंचानं विचारलं किती राह्यले, तं नयननं सांगतलं, सात. मी तोच सांगत आलो."

"म्हणजे राजे धरून."

"ते पोरगी राजे धरूनच मोजत जाय. किती खेपा सांगतलं तिले."

काजल त्यांच्या समोर खाली बसली. "तुम्ही तिले हात दे म्हटलं."

"म्हटलं."

"डाव पाहून म्हटलं?"

बाबांनी टोपली बाजूला सरकवली. ते सदतीस वर्षं मास्तर होते, आणि उत्तर येत नसलं की येत नाही म्हणून सांगावं, हे त्यांनी हजार पोरांना शिकवलं होतं. "पाहूनच म्हटलं. मले वाटलं तू जिंकून राह्यली. पण मी तुया खुर्चीमागं उभा होतो, काजल. मी तुयाच बाजूनं पाहत होतो. तिच्या बाजूनं जाऊन पाहाव, हे मले सुचलंच नाई." मग म्हणाले, "नयनच्या बापानं, भैय्याजीनं, आपली पोरगी बौद्धपुऱ्यात माया घरी शिकाले पाठवली होती. गावातले लोकं काय काय म्हणत. तरी पाठवली त्यानं. सर सांगतीन तसं कर, असं म्हणून पाठवली." त्यांचे ऑपरेशन केलेले डोळे उन्हात पाणावतातच, तेव्हा काजलला त्यातलं नक्की काही कळलं नाही. तिला त्यांचा राग यायला हवा होता. चार दिवस तिने त्याची तयारीही केली होती. पण आता राग येईना. तिला त्यांची दया आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली, कारण बाबांनी आपला वाटा उचलून बाजूला ठेवला होता आणि जे उरलं ते तिच्यासमोर तसंच पडून होतं. बाबा खुर्चीमागे उभे होते. खुर्चीत ती होती.

पुढच्या बाजाराला ती सकाळीच गेली. नयन नुकती पोती सोडत होती. थंडी होती, तिने स्वेटरवरून ओढणी घट्ट बांधली होती. काजलने विचारलं, "तुयाजवळ त्या डावाचा कागद हाय काय? चालींचा?"

"हाय नं. माया बाबानं ट्रंकेत ठेवलतं," नयन म्हणाली. वांग्यांचा ढीग लावताना ती खालीच बघत होती. "मांडून पाहाचा हाय?"

"हो."

"खुशीनं पाह्यला. पोळ्याच्या सुमारास. फोनवर खेळत राह्यते ते दिवसभर. मी म्हटलं, घे, हा मांड." तिने एक वांगं उचललं, दाबून पाहिलं, बाजूला टाकलं. "बरोबरी होती."

शेजारी कोणीतरी संत्र्यांच्या पेट्या उतरवत होतं. बरोबरी. शंभर कपाटांतून आलेला शब्द असा वांग्यांवरून, इतक्या सकाळी, पुढ्यात येऊन पडला होता, आणि तो ऐकून तिला धक्का बसला नाही. धक्का न बसल्याचाच तिला धक्का बसला.

"पोळ्यापासून मालूम हाय तुले," ती म्हणाली. "बोलली नाई."

"काय बोलाचं? खुशी म्हणे, आई, तू हारली नव्हती. लय उड्या मारल्या तिनं. मी दोन-तीन दिवस जेवली नाई बराबर, खोटं काऊन सांगू. मले वाटे, मायंच डोस्कं कमी होतं म्हणून सुटलं हातचं, बावीस वर्सं तेच धरून बसली होती मी. मंग इचार केला. सरांले दिसलं नाई, एवढ्या मोठ्या माणसाले. मले दिसलं नाई. काजलले बी दिसलं नसंन. सोळा वर्साच्या तं होतो आपण." तिने आता पहिल्यांदा वर पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखरीच काही नव्हतं, राग नाही, टोमणा नाही. "सोडून देलं मी ते. तू कायले जीवाले लावून घेतं? घे, वांगे घे, चांगले हायेत."

इथे काजलने नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. नयनने माफ करून झालं होतं, पिशवी उघडून धरली होती, घरी बाबांना सांगायलाही एक बरं वाक्य मिळालं असतं. पुढच्या बाजारी पुन्हा गुडघे आणि खुशीची शाळा. बावीस वर्षं जे चाललं तेच पुढे चाललं असतं, आणि आता तर कपाटांचीही गरज उरली नव्हती. काजलने पिशवी पुढे केली. मग तिला तो पट दिसला. सगळा, डावीकडून उजवीकडे, प्रत्येक घरासकट. तिचा राजा, हत्ती, दोन प्यादी. नयनचा राजा, हत्ती, एक प्यादं. तो आता आठवला असं तिला म्हणता येईना. तो कधी पुसला गेलाच नव्हता. तिने पिशवी खाली ठेवली.

"मले दिसलं होतं," ती म्हणाली.

नयनचा हात वांग्यांवर थांबला.

"तुया हत्ती माया प्याद्याच्या मागं होता. तू नुसती मागून शह देत राह्यली असती तं माया राजाले लपाले जागाच नव्हती. मी तीनदा मोजून पाह्यलं. काईच निघत नव्हतं. मीच बरोबरी म्हणणार होती."

"मंग?"

"तेवढ्यात बाबा बोलले. अन् तू हात देला."

संत्र्यांच्या पेट्या उतरवणाऱ्याने कोणाला तरी हाक मारली. एक म्हातारी पुढे वाकून वांग्यांचा भाव विचारत होती. नयनने तिच्याकडे बघितलं नाही. ती काजलकडे बघत होती, आणि मघा तिच्या चेहऱ्यावर जे नव्हतं ते आता हळूहळू येत होतं. काजलने मान खाली घातली नाही. तेवढंच तिच्या हातात होतं.

"अन् तू तो धरला," नयन म्हणाली.